ह्याचे मार्क मिळतात का?

बारावीतल्या मुलीने घरी विचारलं, की आपत्कालीन प्रथमोपचाराच्या वर्गाला जाऊ का, तर ठाण्या-डोंबिवलीत आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ह्याचे मार्क मिळतात का? तिला डेंटिस्ट व्हायचं असेल तर उत्तर एका शब्दाचं आहे. नाही.

२०१७पासून राज्यातला बीडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचा, प्रवेश पूर्णपणे ‘नीट’ या देशव्यापी परीक्षेवर होतो. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं की एक कापला जातो. सरकारी महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा देशपातळीवर भरल्या जातात, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेऱ्यांतून. नेरूळच्या खासगी दंत महाविद्यालयात जायचं तरी नीट चुकत नाही. मुलाखत नाही, स्वतःविषयी निबंध नाही, समाजसेवेच्या प्रमाणपत्राला गुणवत्ता यादीत जागा नाही.

अमेरिकेत गणित वेगळं आहे. तिथं आधी पदवी, मग डॅट ही परीक्षा आणि मग दंत महाविद्यालयाचा अर्ज. त्या अर्जात उमेदवाराने कुठे, किती तास सेवा केली हेही भरायचं असतं. तिथल्या अनेक गावांत रुग्णवाहिका स्वयंसेवकांच्या पथकांवर चालत आल्या आहेत. व्हर्जिनियातल्या रोआनोकमध्ये १९२८ साली असं एक पथक उभं राहिलं आणि त्याचं अनुकरण देशभर झालं. त्यामुळे न्यू जर्सीत वाढलेली एखादी मराठी मुलगी ईएमटीचं, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांचं, प्रशिक्षण घेऊन शनिवार-रविवारी रुग्णवाहिकेवर जाते आणि सोमवारी कॉलेजात बसते, यात तिकडे कुणाला नवल वाटत नाही.

इकडे तसं रुग्णवाहिकेत चढता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या: २३३ प्रगत जीवरक्षक, बाकीच्या ७०४ मूलभूत. या सेवेचं वैशिष्ट्य असं की गाडीवर डॉक्टर असतो, बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो आणि तिथून जवळची गाडी निघते. काम पगारी माणसांचं. हौशी विद्यार्थ्याला तिथं जागा नाही.

मग शिकायचं कुठे? नागरी संरक्षण दलाचं कार्यालय ठाण्यात आहे आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना स्वयंसेवक म्हणून तिथं प्रशिक्षण मिळतं: प्रथमोपचार, जखमीला उचलणं, आगीशी सामना. नीटसाठी वर्ष ‘ड्रॉप’ घेतलेली मुलं या वयात बसतात. बारावीला असलेल्यांसाठी कॉलेजचं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आहे. शिवाय काही रुग्णालयांत अमेरिकन हार्ट असोसिएशनचे सीपीआरचे छोटे अभ्यासक्रम चालतात. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब किमान पाच सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर दोन मिनिटं केलं की घाम फुटतो आणि दंड भरून येतात.

ठाणे-डोंबिवलीच्या या पट्ट्यात असं शिकलेलं माणूस कधी लागेल ते सांगता येत नाही. ९ जून २०२५च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली कोसळले. काहींचा जीव गेला. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६मध्ये प्रोबेस कंपनीत आणि मे २०२४मध्ये अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटून माणसं रक्तबंबाळ झाली. अशा वेळी गाडी येईपर्यंत जखमीजवळ असतो तो शेजारी, दुकानदार, सहप्रवासी. रस्त्यावरच्या अपघातात तर पोलिसांच्या कटकटीला घाबरून मागे सरकायचं आता कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४-अ नुसार, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

आणि यात दातांचा संबंध येतो कुठे? चेहऱ्यावर. शिळफाट्याच्या रस्त्यावर बाइकवरून हेल्मेटशिवाय पडलेला माणूस बऱ्याचदा तोंडावरच आपटतो. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडला तर जिभेचा आधार सुटतो, ती मागे घशात जाते आणि बेशुद्ध माणूस गुदमरतो. जाणकार मदतनीस डोक्याशी गुडघे टेकून बसतो, मान न हलवता दोन्ही कानांखाली जबड्याच्या कोनामागे बोटं लावतो आणि जबडा पुढे उचलतो. जबड्याबरोबर जीभ पुढे येते, वाट मोकळी होते. मग तो तोंडात डोकावून दात पाहतो. तुटलेला दात रस्त्यावरही नाही नि तोंडातही नाही, म्हणजे तो श्वासनलिकेत गेला असू शकतो. हे रुग्णालयात आवर्जून सांगावं लागतं.

निखळलेला दात सापडला, तर आपल्याकडे तो रुमालात गुंडाळून खिशात टाकतात. तिथंच घोटाळा होतो. मुळावरच्या नाजूक पेशी कोरड्या पडल्या की दात पुन्हा रुजणं अवघड. कायमचा दात असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मूळ घासायचं नाही, थंड दुधात बुडवून तासाभराच्या आत, जमेल तितक्या लवकर दंतवैद्य गाठायचा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

बीडीएसला लागलेल्या मुलांना हेच पुढे पुस्तकातून भेटतं. तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी, शेवटच्या वर्षी जबड्याची शस्त्रक्रिया. दवाखाना थाटल्यावरही आणीबाणी चुकत नाही: सुईच्या भीतीने खुर्चीतच भोवळ येणारे पेशंट प्रत्येक डेंटिस्टला भेटतात. त्यांना आडवं करून पाय वर घ्यायचे, हे ज्याने आधी केलेलं आहे त्याची त्या क्षणी धांदल उडत नाही.

वेळेचं काय, हा पालकांचा दुसरा प्रश्न, आणि तो रास्त आहे. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत सराव परीक्षा सोडून प्रथमोपचार शिकायला जा, असं कुणी म्हणणार नाही. पण नीट मेच्या सुरुवातीला होते, निकाल साधारण जूनमध्ये लागतो आणि कॅपच्या याद्या त्यानंतर. मधले दोन-तीन महिने मुलं मोबाइलवर कट-ऑफचे अंदाज बघत घालवतात. नेमका तोच पावसाळा, तुंबलेल्या रुळांचा आणि दहीहंडीच्या सरावात थर कोसळण्याचा काळ. नागरी संरक्षणाचा किंवा सीपीआरचा वर्ग तेव्हा उरकता येतो. नागरी संरक्षणाच्या वर्गासाठी अठरा पूर्ण झाल्याचा पुरावा आणि फोटो जवळ ठेवावेत. कॅपसाठी काढलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात ते असतातच.