रीगन आणि बंदुकीचा कायदा

अमेरिकेंतील निवडणुकीच्या बातम्यांत ‘अमुक उमेदवार बंदुकांवरील निर्बंधांस अनुकूल, तमुक प्रतिकूल’ अशीं वाक्यें आपण नेहमीं वाचतों. एवढ्यानें त्या उमेदवाराचें मत कळतें काय, हें आज रोनाल्ड रीगन यांच्या उदाहरणावरून पाहूं.

आपल्याकडे बंदूक बाळगावयाची तर परवाना लागतो. इंग्रजी अमलांतील १८७८ च्या कायद्याची ही रीत १९५९ च्या कायद्यानेंही कायम ठेविली. अमेरिकेंत क्रम उलटा. तेथें शस्त्र बाळगणें हा हक्क आणि निर्बंध हा अपवाद. याचें मूळ तेथील राज्यघटनेच्या १७९१ सालच्या दुसऱ्या दुरुस्तींत आहे. इंग्रजींत तिचे शब्द अवघे २७. सुव्यवस्थित नागरी सेना स्वतंत्र राज्याच्या रक्षणास आवश्यक आहे असें आरंभीं म्हणून, लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कास बाध येऊं नये, असें पुढें सांगितलें आहे. आयुष्यभर मुलांकडून वाक्यपृथक्करण करवून घेतलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास या वाक्याचें मोठें कौतुक वाटतें! पहिला खंड दुसऱ्याची अट, कीं नुसतें कारण? यावर वकिलांच्या पिढ्या भांडल्या. अखेर २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं हा हक्क व्यक्तीचा ठरविला. मात्र त्यामुळें सर्वच निर्बंध रद्द होत नाहींत, हेंही स्पष्ट केलें.

आतां रीगन. १९६७ सालीं ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. ओकलंड शहरांतील ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीय तरुणांच्या संघटनेचे लोक पोलिसांच्या वर्तनावर नजर ठेवण्यासाठीं भरलेल्या बंदुका घेऊन उघडपणें फिरत, आणि त्यांत कायद्याविरुद्ध कांहीं नव्हतें. तें बंद करणारें बिल आलें, तेव्हां २ मे रोजीं सुमारें तीस जण बंदुकांसह साक्रामेंटो येथील विधिमंडळाच्या इमारतींत शिरले. नागरिकानें भरलेलें शस्त्र घेऊन रस्त्यावर फिरण्याचें कांहींएक कारण नाहीं, असें रीगन त्या वेळीं म्हणाले, आणि जुलैंत त्यांनीं कायद्यावर सही केली. कायद्याची भाषा सर्वांस सारखी होती. तो कोणाकडे पाहून केला गेला, हें मात्र कोणापासून लपलेलें नव्हतें.

पुढें १९८० सालीं हेच रीगन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. नॅशनल रायफल असोसिएशन ही १८७१ सालीं नेमबाजी शिकविण्यास निघालेली संस्था तोंवर राजकारणांत पुरती उतरली होती. त्या पदाच्या उमेदवारास तिनें पहिल्यानेंच जाहीर पाठिंबा दिला, तो यांना. निर्बंधांचा जाच सज्जनांस होतो, शिक्षा गुन्हेगारास व्हावी, असें त्यांचें म्हणणें होतें.

३० मार्च १९८१ रोजीं वॉशिंग्टन येथें हिंकली नांवाच्या तरुणानें त्यांच्यावर सहा गोळ्या झाडल्या. शस्त्र म्हणजे डॅलसच्या एका गहाणवटीच्या दुकानांतून घेतलेलें स्वस्त पिस्तुल. रीगन वांचले, त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यांत गोळी शिरून ते कायमचे पंगू झाले. इतकें होऊनही रीगन यांचें धोरण बदललें नाहीं. १९८३ सालीं ते त्याच संस्थेच्या अधिवेशनांत बोलले. १९८६ सालीं त्यांनीं जुने निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. गंमत अशी कीं, नव्यानें बनविलेल्या मशिनगन सामान्य माणसास बाळगण्याची बंदीही त्याच कायद्यांत होती!

अधिकार सोडल्यावर, मार्च १९९१ मध्यें, त्यांनीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें लेख लिहून ब्रेडी यांच्या नांवच्या बिलास पाठिंबा दिला. पिस्तुल मागणाऱ्यास सात दिवस थांबवून त्याची चौकशी करावी, असें तें बिल होतें. असा कायदा १९८१ सालीं असता तर तो प्रसंग कदाचित् टळला असता, असें त्यांनीं लिहिलें. १९९४ सालीं फोर्ड व कार्टर या माजी अध्यक्षांसह त्यांनीं युद्धोपयोगी धाटणीच्या कांहीं बंदुकांवरील बंदीसाठींही पत्र लिहिलें. प्रतिनिधिगृहांत ती बंदी २१६ विरुद्ध २१४ मतांनीं संमत झाली, आणि मुदत संपून २००४ सालीं ती गेली.

कोणी यास मतांतर म्हणतात. मला तें अर्धेंच खरें वाटतें. शस्त्र कोठें न्यावें, कोणास विकावें, विक्रीपूर्वीं किती थांबावें, आणि कोणत्या जातीचें शस्त्र मुळींच विकूं नये, हे चार वेगळे प्रश्न आहेत. एकास होय म्हणणारा दुसऱ्यास नाहीं म्हणूं शकतो. परंतु ब्रेडी दहा वर्षें चाकांच्या खुर्चींत बसून होते, आणि रीगन यांचे शब्द आले ते मतें मागावयाचीं उरलीं नाहींत तेव्हां, हेंही विसरतां येत नाहीं.

ब्रेडी कायदा १९९३ सालीं झाला, तो सात नव्हे, पांच दिवसांचा. १९९८ पासून तेही दिवस गेले आणि तात्काळ तपासणी आली. परवानाधारक दुकानदारास ती करावीच लागते. खाजगी माणसानें दुसऱ्यास बंदूक विकली तर देशव्यापी कायद्यानें ती सहसा लागत नाहीं, कांहीं राज्यांनीं मात्र आपल्यापुरती लावली आहे. तेथील उमेदवारांचा आजचा वाद बराचसा या फटीविषयीं आहे.