तारीख एक, दिवस वेगळे

शाळेच्या परिपाठात सुविचार, पंचांग आणि दिनविशेष हे तीन भाग ठरलेले असतात. त्यांतील दिनविशेषाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. एखाद्या पुस्तकातून चार ओळी फळ्यावर उतरवल्या, एका विद्यार्थ्याने त्या मोठ्याने वाचल्या, की काम संपले. मीही अनेक वर्षे हेच करत होतो. एका ८ जानेवारीला मी फळ्यावर लिहिले : ‘१६४२ – गॅलिलिओचे निधन. याच वर्षी न्यूटनचा जन्म झाला.’ शेवटी माझ्या पदरचे एक वाक्यही जोडले : ‘विज्ञानाची मशाल एका हातातून दुसऱ्या हातात गेली.’

मधल्या सुटीत नववीतील एक विद्यार्थिनी दोन पुस्तके घेऊन आली. एकात न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ रोजी झाल्याचे छापले होते, दुसऱ्यात ४ जानेवारी १६४३. ‘सर, खरी तारीख कोणती?’ मी म्हणालो, ‘छपाईची चूक असेल.’ चूक छपाईची नव्हती, माझी होती. दोन्ही तारखा बरोबर होत्या. चुकीचे होते ते माझे ‘याच वर्षी’. ते कसे, हे समजून घेताना लक्षात आले की ‘एकाच दिवशी घडलेल्या घटना’ या साध्या वाटणाऱ्या विषयात खगोलशास्त्र, गणित आणि इतिहास असे तिन्ही तास भरतील एवढे साहित्य आहे.

दहा दिवस कुठे गेले?

पृथ्वीला सूर्याभोवती फिरून ऋतूंचे एक चक्र पूर्ण करायला सुमारे ३६५.२४२२ दिवस लागतात. ज्यूलियस सीझरच्या काळापासून युरोपात चालत आलेल्या पंचांगात दर चौथे वर्ष लीप वर्ष असे. म्हणजे त्याचे वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचे होते. फरक वर्षाला अवघा ११ मिनिटे आणि काही सेकंद. पण ही मिनिटे साठत जातात आणि सुमारे १२८ वर्षांत एक पूर्ण दिवस होतो. इ. स. ३२५ च्या सुमारास वसंतसंपात २१ मार्चला येत असे. सोळाव्या शतकात तो ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. ईस्टरचा सण वसंतसंपातावरून ठरत असल्याने धर्मपीठाला हा घोटाळा दूर करणे भाग होते.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारणा केली. त्या वर्षी गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर मोजला गेला. वारांचा क्रम अखंड राहिला, तारखांमधून मात्र दहा दिवस गाळले गेले. पुढे पुन्हा चूक साठू नये म्हणून नियम केला, की शतकाचे वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप धरावे. म्हणून १६०० आणि २००० लीप वर्षे होती, १७००, १८०० आणि १९०० नव्हती. या नियमामुळे ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षे येतात आणि वर्ष सरासरी ३६५.२४२५ दिवसांचे होते. आता एका दिवसाची चूक व्हायला तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील.

इटली, स्पेन आणि पोर्तुगाल यांनी ही सुधारणा लगेच स्वीकारली. पोपशी वैर असलेल्या इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत वाट पाहिली. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. म्हणून ब्रिटिश राज्यात २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. रशियाने हा बदल १९१८ मध्ये केला. पेट्रोग्राडमधील क्रांती २५ ऑक्टोबर १९१७ ची, म्हणून तिचे नाव ‘ऑक्टोबर क्रांती’; नव्या गणनेने ती ७ नोव्हेंबरला येते.

आता गॅलिलिओकडे वळू. तो इटलीत वारला, म्हणून ८ जानेवारी १६४२ ही नव्या गणनेची तारीख. न्यूटन इंग्लंडमध्ये जन्मला, म्हणून २५ डिसेंबर १६४२ ही जुन्या गणनेची. दोघांनाही नवी मोजपट्टी लावली तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा ठरतो. दोघांनाही जुनी लावली तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ ला जातो. कोणतीही एकच पट्टी वापरा, वर्षे वेगळीच येतात. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजले तरच ‘तेच वर्ष’ मिळते. एक लांबी इंचात आणि दुसरी सेंटिमीटरमध्ये मोजून आकडे जुळले म्हणून लांब्या सारख्या होत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. दोन घटनांमध्ये प्रत्यक्षात ३६१ दिवसांचे अंतर आहे.

शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्व्हांटिस यांच्या निधनाची तारीखही एकच सांगितली जाते, २३ एप्रिल १६१६. युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा पुस्तक दिन म्हणून निवडला, त्यामागे हा योगही होता. परंतु स्पेनमध्ये नवी गणना होती आणि इंग्लंडमध्ये जुनी. सर्व्हांटिस गेला त्यानंतरही शेक्सपिअर दहा दिवस जिवंत होता. सर्व्हांटिसचा मृत्यू २२ एप्रिलला होऊन २३ ला त्याचे दफन झाले, असेही अभ्यासक मानतात. म्हणजे तारीख एक, दिवस वेगळे.

रायगडावरील एक दिवस, तीन नोंदी

याच्या उलट उदाहरण आपल्या इतिहासात आहे : दिवस एक, तारखा वेगळ्या. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी झाला. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा रायगडावर हजर होता. इंग्रजांच्या गणनेने त्या दिवशी ६ जून १६७४ ही तारीख होती आणि तीच आपल्या पुस्तकांत रूढ झाली. गोव्यातील पोर्तुगिजांच्या नव्या गणनेने मात्र त्याच दिवशी १६ जून होता. सूर्य आकाशात एकाच जागी होता, फक्त मोजणाऱ्यांचे संकेत वेगळे होते.

तिथीची मोजणी आणखी निराळी. ती चंद्रावर चालते. बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी. हा फरक अधिक महिना घालून भरून काढतात. म्हणून दरवर्षी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी वेगळ्या तारखेला येते आणि रायगडावर तारखेनुसार व तिथीनुसार असे दोन सोहळे होतात. यांपैकी कोणता दिवस ‘खरा’, हा प्रश्न विज्ञान सोडवू शकत नाही, कारण तो संकेताचा प्रश्न आहे. कोणता दिवस कोणत्या मोजणीने आला आहे, हे मात्र विज्ञान नेमके सांगू शकते.

तेवीस जणांचा वर्ग

मोजणीचा घोटाळा वगळला तरी खरेखुरे योगायोग उरतातच. चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ रोजी जन्मले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७ पासून आपण तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. बरोबर २५ वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९५३ रोजी, केंब्रिजमध्ये वॉटसन आणि क्रिक यांना डीएनएच्या रचनेचा उलगडा झाला. स्टीफन हॉकिंग गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी, ८ जानेवारी १९४२ रोजी जन्मले, आणि आइन्स्टाइनच्या जन्मतारखेला, १४ मार्चला, २०१८ मध्ये वारले.

हे ऐकून अंगावर काटा येतो. पण जरा गणित करू. वर्गात किती विद्यार्थी असतील तर त्यांतील कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होईल? बहुतेक जण १८३ म्हणतात. उत्तर आहे २३.

पहिल्या विद्यार्थ्याची तारीख कोणतीही असो. दुसऱ्याची वेगळी असण्याची शक्यता ३६४/३६५, तिसऱ्याची त्या दोघांहून वेगळी असण्याची ३६३/३६५, अशा रीतीने २३ व्या विद्यार्थ्यापर्यंत गुणाकार करत गेलो की ०.४९३ मिळते. ही सर्वांच्या तारखा वेगळ्या असण्याची शक्यता. म्हणून निदान एक जोडी जुळण्याची शक्यता ०.५०७. वर्गात ४० मुले असतील तर ती ८९ टक्के होते, आणि ६० असतील तर ९९ टक्क्यांहून अधिक. कारण आपण विद्यार्थी मोजत नसतो, जोड्या मोजत असतो. २३ जणांत २५३ जोड्या असतात.

शंभर नामवंत शास्त्रज्ञांची यादी घेतली तर तीत ४,९५० जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा वाढदिवस जुळण्याची शक्यता १/३६५ धरली तर तेरा-चौदा जोड्या जुळायलाच हव्यात. त्यात मृत्यू, शोध आणि पुरस्कार यांच्या तारखाही मिसळल्या तर योगायोगांचा पाऊस पडेल. एकही जोडी जुळली नाही, तर तेच मोठे आश्चर्य ठरेल. शिवाय जुळलेल्या जोड्या आपण लक्षात ठेवतो आणि न जुळलेल्या हजारो विसरतो. हॉकिंग यांनी स्वतःच मिश्किलपणे म्हटले होते, की ते जन्मले त्या दिवशी जगात सुमारे दोन लाख मुले जन्मली असावीत.

मुद्दाम निवडलेले दिवस

काही घटना एका तारखेला येतात, कारण माणसांनी त्या तशा आणलेल्या असतात. २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर पूर्ण स्वराज्य दिन म्हणून पाळला गेला होता. घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली, पण ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी १९५० हा दिवस निवडला तो त्या आठवणीसाठीच. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी निवडली, कारण १९४५ मध्ये त्याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली होती. येथे योगायोग शोधणे व्यर्थ आहे. येथे हेतू शोधायचा.

आठवडा अशुभ नसतो

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अमेरिकेच्या अंतराळ मोहिमांतील तीन भीषण दुर्घटना एकाच आठवड्यातील तारखांना घडल्या आहेत : अपोलो-१ ची आग २७ जानेवारी १९६७ ची, चॅलेंजरचा स्फोट २८ जानेवारी १९८६ चा आणि कोलंबियाचा नाश १ फेब्रुवारी २००३ चा. एकूण १७ अंतराळवीर गेले. कर्नालची कल्पना चावला त्यांत होती. हे दिनविशेष वाचून झाल्यावर ‘तो आठवडाच अशुभ आहे’ असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर आपण काय सांगणार?

चौकशीत काय आढळले ते सांगावे. अपोलो-१ च्या कक्षात शुद्ध प्राणवायू भरला होता, त्यामुळे एका ठिणगीने आग भडकली, आणि आत उघडणारे झाकण वेळेत काढता आले नाही. चॅलेंजरच्या प्रक्षेपणाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठ झाले आणि तेथून तप्त वायू निसटला. अभियंत्यांनी आदल्या रात्री धोक्याची सूचना दिली होती, ती मानली गेली नाही. कोलंबियाच्या उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. परतताना पंखाच्या त्या भगदाडातून वातावरणातील तापलेले वायू आत शिरले.

तीन दुर्घटना, तीन वेगळी कारणे. अपोलो-१ नंतर दार बाहेर उघडणारे केले गेले आणि प्रक्षेपणाआधी कक्षात भरायचा वायू बदलला. चॅलेंजरनंतर सांधे नव्याने बनवले गेले. दोष तारखेवर टाकला असता तर यांतले काहीच झाले नसते आणि पुढच्या अंतराळवीरांना त्याच यानात बसावे लागले असते. चॅलेंजरच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. थंडीत त्याची लवचिकता गेलेली सर्वांना दिसली. कारण शोधायला पंचांग लागले नाही, एक पेला बर्फाचे पाणी पुरले.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. वर्गातील सर्वांच्या जन्मतारखा फळ्यावर लिहा. आधी ‘जोडी सापडेल का?’ यावर मुलांचा अंदाज घ्या, मग मोजा. शाळेच्या सर्व तुकड्यांत हे करा आणि किती तुकड्यांत जोडी सापडली ते वर सांगितलेल्या टक्केवारीशी ताडून पाहा.

२. एका महिन्याचे दिनविशेष चिठ्ठ्यांवर लिहा. एकाच तारखेच्या घटनांच्या जोड्या घेऊन त्यांचे तीन गट करा : मोजणीच्या फरकाने जुळलेल्या, योगायोगाने जुळलेल्या आणि मुद्दाम जुळवलेल्या. १७५२ पूर्वीची तारीख दिसली की ‘कोणत्या देशातील?’ हा प्रश्न विचारायचाच.

३. १९ वर्षांत जवळजवळ २३५ चांद्रमास बसतात. म्हणून एकोणिसाव्या वाढदिवसाला जन्मतिथी व जन्मतारीख पुन्हा एकत्र येतात किंवा एखाद्या दिवसाने चुकतात. घरातील मोठ्यांच्या बाबतीत जुनी पंचांगे काढून हे तपासा.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी परिपाठात पुढे बोलावले आणि तिचा प्रश्न सर्वांसमोर वाचायला लावला. मग मी फळ्यावरील माझे वाक्य पुसले. मशालीचे वाक्य पुसताना थोडे वाईट वाटले, कारण ते ऐकायला छान होते. पण त्या दिवशीचा दिनविशेष मुलांच्या लक्षात राहिला. त्यानंतर आमच्या शाळेत दिनविशेष वाचणारा विद्यार्थी तारखेसोबत आणखी एक गोष्ट सांगू लागला : ही तारीख कोणी मोजली.