वाड्याची तुळई आणि टेलिव्हिजनचे कपाट

टेलिव्हिजन ही वस्तू आपल्या घरात आली तीच मुळी कपाटात बसून आली. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले आणि १९७३ साली सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुणेकरांना घरबसल्या दिसू लागले. त्या वेळचा संच म्हणजे चार पायांवर उभी असलेली एक लाकडी पेटी. तिला पट्ट्यापट्ट्यांचे सरकते शटर, शटराला कुलूप आणि वर क्रोशाचा रुमाल. शनिवारी-रविवारी चित्रपटाच्या वेळी कुलूप निघायचे आणि आळीतली निम्मी मंडळी सतरंजीवर येऊन बसायची.

आता ती पेटी गेली. संच पाटीसारखा पातळ झाला आणि पुष्कळांकडे तो भिंतीला टांगलेला असतो. तरीही कपाटाची गरज संपलेली नाही. सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटची डबी, तारांचे भेंडोळे, रिमोट हे सगळे कुठे ठेवायचे? म्हणून हौशी माणसाच्या मनात येते, की आपणच का करू नये एक कपाट? आणि प्लायवुडचे कशाला, चांगले भरीव सागवानाचे करू!

पुण्यात या विचाराला आणखी एक कारण आहे. पेठांतले जुने वाडे गेली कित्येक वर्षे एकामागून एक उतरवले जात आहेत. काही १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातच बसले, उरलेल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वाडा उतरला, की त्याच्या तुळया, कड्या, खांब यांचा ढीग अंगणात पडतो. चार भावांत त्याची वाटणी करणे कठीण, ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नाही. मग तो ढीग सरसकट वखारीत जातो. त्यातली एखादी तुळई घरात राहावी असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी मी हे सांगतो आहे. नवीन फळी चुकली तर दुसरी आणता येते. पणजोबांच्या माजघरावरची तुळई एकदा चुकीची कापली, की ती पुन्हा मिळत नाही.

तेव्हा करवतीला हात लावण्यापूर्वी लाकडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

लोक म्हणतात, “दीडशे वर्षांचं लाकूड आहे, ते आता काय हलणार?” हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या अतिशय बारीक नळ्यांचा जुडगा. या नळ्यांच्या भिंती हवेतला ओलावा शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात. ओलावा घेतला की भिंती फुगतात, सोडला की आकसतात. झाड तोडून दहा वर्षे झाली काय किंवा दोनशे वर्षे झाली काय, हा व्यवहार थांबत नाही. जुन्या लाकडाचा फायदा एवढाच, की ते पूर्ण वाळलेले असते आणि त्याचे मोठे वाकणे-पिळणे बहुधा होऊन गेलेले असते. ऋतूंबरोबरचा श्वास मात्र चालूच राहतो.

पुण्याची हवा तर या बाबतीत फारच खोडकर. एप्रिलच्या दुपारी ओठ फुटावेत इतकी कोरडी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी यावी इतकी दमट. मग लाकडाने स्वस्थ कसे बसावे?

हे फुगणे सगळ्या दिशांना सारखे नसते, आणि सुताराची सारी विद्या याच एका गोष्टीवर उभी आहे. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. रुंदीच्या दिशेने हलते. त्यातही वार्षिक वर्तुळांच्या कडेकडेने जास्त, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मे. ओले सागवान अगदी कोरडे होईपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे साडेपाच टक्के आकसते. हा सारा बदल लाकडातला ओलावा तीस टक्क्यांवरून शून्यावर येताना होतो. म्हणजे ओलावा एक टक्का बदलला, की रुंदीत साधारण ०.१८ टक्के फरक पडतो.

आता हिशोब करू. कपाटाची वरची फळी ४० सेंटिमीटर रुंद आहे आणि उन्हाळा ते पावसाळा तिच्यातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला असे धरू. पाच गुणिले ०.१८ म्हणजे ०.९ टक्के. चाळीस सेंटिमीटरचे ०.९ टक्के म्हणजे साडेतीन मिलिमीटरांहून थोडे अधिक. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण ही फळी तुम्ही चारी बाजूंनी स्क्रू मारून, वर फेविकॉल लावून पक्की केली, तर हे साडेतीन मिलिमीटर जाणार कुठे? पहिल्या पावसाळ्यात फळी मधोमध फुगवटा धरील आणि पुढच्या उन्हाळ्यात आकसताना फाटेल. लाकूड मजबूत असते म्हणून ते फाटत नाही असे नाही. हलायला जागा दिली नाही म्हणून ते फाटते.

जुने कारागीर हे आकड्यांत मांडत नव्हते, पण त्यांना ते ठाऊक होते. कोणत्याही जुन्या वाड्याचे दार पाहा. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट असते आणि चौकटीच्या आतल्या खाचेत पातळ फळी नुसती बसवलेली असते. ती कुठेही चिकटवलेली नसते. चौकटीच्या पट्ट्या अरुंद, म्हणून त्यांचे हलणे नगण्य. फळी रुंद, पण तिला खाचेत फुगायला-आकसायला मोकळीक. म्हणून अशी दारे शंभर-शंभर वर्षे टिकतात. आपल्या कपाटाच्या दोन्ही बाजू आणि दारे याच रीतीने करावयाची. खाचेत फळीच्या दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि फळी चौकटीत बसवण्यापूर्वीच तिला पॉलिश करून घ्यावे. नाहीतर उन्हाळ्यात ती आकसली, की कडेला बिनपॉलिशची पांढरट रेघ दिसू लागते.

वरच्या फळीचे काय? ती चौकटीला पुढच्या कडेने पक्की करावी. मागच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची भोके गोल न ठेवता, फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करावीत. फळी हलली, की स्क्रू त्या भोकात मागे-पुढे सरकतो. स्क्रू फार आवळू नये. ही एवढी युक्ती केली तर कपाटाचे आयुष्य कैक पटींनी वाढते.

चौकटीचे कोपरे स्क्रूवर सोडू नयेत. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढावा, म्हणजे पुढे आलेली चौकोनी जीभ, आणि दुसऱ्या लाकडात तेवढेच भोक पटाशीने कोरावे. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश असावी. सांधा हाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोड्याने ठोकावा लागला तर भोकाकडचे लाकूड फुटते, आणि आपोआप आत पडला तर सरस काम करीत नाही. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे रंधा मारल्यावर फार दिवस न थांबता सांधे चिकटवावेत. आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेतले तर अधिक बरे.

आता मापे. त्रेचाळीस इंची संच साधारण ९६ सेंटिमीटर रुंद असतो. त्याला १२० सेंटिमीटर लांब, ४० खोल आणि ५५ उंच कपाट शोभते. सोफ्यावर बसणाऱ्याची नजर आणि पडद्याचा मध्य साधारण एका पातळीत यावा, हा नियम. ज्यांच्या घरी अजून भारतीय बैठक आहे त्यांनी उंची ४० वर आणावी. मानेचे दुखणे वाचेल. एवढ्या लांबीला मध्ये एक उभा आधार हवाच. दोन टेकूंमधले अंतर निम्मे केले, की मधोमध ठेवलेल्या त्याच वजनाने फळीचा झोळ एक-अष्टमांश होतो. जाड फळीवर पैसे घालण्यापेक्षा मधली उभी फळी स्वस्त पडते.

या कपाटात प्रत्यक्ष जाणारे लाकूड दीड घनफूट. छाटाछाट धरून नवीन लाकूड सव्वादोन घनफूट आणावे. जुने असेल तर अडीच धरावे, कारण त्यात खिळ्यांची भोके, खाचा आणि किडका भाग टाकून द्यावा लागतो.

जुन्या लाकडाविषयी चार सूचना सांगतो. पहिली, लोहचुंबक फिरवून एकूण एक खिळा काढा. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याचे पाते तर खातोच, शिवाय सॉ मिलच्या फिरत्या पात्याला लागला तर माणसाच्या जिवावर बेततो. दुसरी, सालीलगतचा फिकट भाग कापून टाका. सागाचा तपकिरी गाभाच कीड आणि वाळवीला दाद देत नाही. फिकट भागाला तो गुण नाही. तिसरी सूचना लहान मुले असलेल्या घरांनी मुद्दाम ऐकावी. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नये. तो ओला करून खरवडावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि कचरा वेगळा बांधून टाकावा. चौथी, तुळई चिरून फळ्या पाडल्यावर त्या लगेच वापरू नयेत. ज्या खोलीत कपाट राहायचे त्या खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, तीन-चार आठवडे रचून ठेवाव्यात. तुळईच्या पोटातला ओलावा आणि पृष्ठभागाचा ओलावा सारखा नसतो. तो खोलीशी जुळू द्यावा.

घरच्या कारखान्याला फार सामान लागत नाही. गच्चीवरचा आडोसा, एक भक्कम बाक, करवत, रंधा, तीन मापांच्या पटाश्या, गुण्या, गिरमिट आणि चार क्लॅम्प पुरेत. सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे धार लवकर बसते. धारेचा दगड जवळच ठेवावा. ज्याला थांबून धार लावण्याचा कंटाळा आहे त्याने सागवानाच्या नादी लागू नये.

पॉलिशला लाखेचे फ्रेंच पॉलिश उत्तम. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ-पातळ हात द्यावेत. मात्र भर पावसात हे काम काढू नये; दमट हवेत पॉलिशवर दुधासारखा पांढरा ढग येतो. कोणी जवसाचे तेल वापरतात. तेही चांगले, पण तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत.

राहिली पाठ. कपाटाची मागची बाजू पूर्ण बंद करू नका. आतली यंत्रे सतत तापतात. वारा खेळता राहिला तर ती टिकतात. तारांसाठी मुठीएवढे भोक ठेवा आणि भिंतीपासून पाच सेंटिमीटर अंतर सोडा.

आणि शेवटची गोष्ट, जी बहुतेक सुतार सांगत नाहीत. जुना संच जड आणि बसका होता. नवा संच उंच, पातळ आणि दोन छोट्या पायांवर उभा असतो. दीड-दोन वर्षांचे मूल कपाटाच्या कडेला धरून उभे राहते, दार उघडून त्यावर पाय देते आणि वरचा संच धरून ओढते. संच किंवा कपाट असे अंगावर येऊन जगभर मुले दगावलेली आहेत. म्हणून संच मजबूत पट्ट्याने भिंतीला बांधा आणि कपाटही दोन पट्ट्यांनी भिंतीत पक्के करा. कपाटाची पट्टी वरच्या फळीला न लावता चौकटीला लावा, म्हणजे फळीच्या हलण्याला अडथळा येत नाही. या कामाला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवू नका.

सगळे काम हौशी माणसाच्या हाताने रविवार-रविवार करीत तीन महिन्यांत होते. जानेवारीच्या मध्यास सुरुवात केली तर वळीव येण्यापूर्वी पॉलिशचा शेवटचा हात मारता येतो. टेलिव्हिजनचा संच आठ-दहा वर्षांत बदलेल, त्याच्या जागी काय येईल ते सांगता येत नाही. पण सांधे नीट बसले आणि फळीला हलायला जागा राहिली, तर जे लाकूड शंभर वर्षे माजघर पेलीत होते, ते आणखी शंभर वर्षे घरातल्या कशाला तरी आधार देत राहील.