पाटी पडली, घर शाबूत आहे!

निघोजे (ता. खेड, जि. पुणे) हे गाव चाकणच्या कारखान्यांना खेटून आहे. इथल्या शेतकरी घराने भाजीची वेबसाइट काढावी, पिशवीवर तिचा पत्ता छापावा आणि मोशी-भोसरीची गिऱ्हाइके जोडावीत, यात आता नवल राहिले नाही. पण समजा, एके सकाळी फोन आला, "अहो, तुमचं दराचं पान सापडत नाही!" घरातला मुलगा घाबरतो आणि सगळे पुसून नव्याने बसवायला निघतो. आधी त्याला थांबवा!

पुष्कळ साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालतात. 2003 साली निघालेले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. हाताने बसवताना आधी डेटाबेस तयार करावा आणि फाइली सर्व्हरवर चढवाव्यात. मग नमुन्याच्या कॉन्फिग फाइलीत डेटाबेसचे नाव, वापरणाऱ्याचे नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचे नाव भरावे. यात एक अक्षर चुकले तरी जोडणी होत नाही.

कणगीत धान्य असावे तसा तुमचा मजकूर डेटाबेसात असतो. पानाचा कायमचा पत्ता, म्हणजे पर्मालिंक, ही तिथवर नेणारी पाटी. अपाची सर्व्हरवर या पाट्यांचे नियम 'एचटीअ‍ॅक्सेस' नावाच्या फाइलीत असतात. तिच्या नावाआधी टिंब असते, म्हणून ती सहसा दिसत नाही आणि साइट हलवताना मागे राहते.

पहिले पान उघडते, आतली उघडत नाहीत, तर दोष बहुधा पाटीचा. मग असे करा:

1. आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवा.

2. सेटिंग्जमध्ये पर्मालिंकचे पान उघडा आणि काही न बदलता 'सेव्ह' दाबा. पुष्कळदा एवढ्यावर भागते.

3. न भागल्यास 'साधा' प्रकार निवडून पाहा. पाने उघडली, तर मजकूर सुखरूप आहे. खोट त्या फाइलीत किंवा सर्व्हरच्या परवानगीत आहे.

4. मग पहिला प्रकार परत निवडून सेव्ह करा. फाइलीत लिहिता आले नाही, तर वर्डप्रेस त्याच पानाच्या तळाशी नियम दाखवते. ते फाइलीत चिकटवा. तरीही अडले, तर जागा देणाऱ्या कंपनीला विचारा.

मात्र पत्त्याचा प्रकार कायमचा बदलू नका. पिशवीवर छापलेला पत्ता गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला असतो. तो परत बोलावता येत नाही.