काचेच्या पेटीतला मासा आणि आपला उन्हाळा

मासे पाळायचे म्हटले की आपण दूरदेशीच्या रंगीत माशांची चौकशी करतो. पण गोदावरीच्या खोऱ्यातच एक देखणा मासा आहे, बरे का! इंग्रजीत त्याला टिक्टो बार्ब म्हणतात. बोटाएवढी लांबी, चंदेरी अंग. कल्ल्यामागे एक आणि शेपटीजवळ एक असे दोन काळे ठिपके. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले.

हा मासा गारव्यात रमणारा. वीस-बावीस अंश उष्णतेचे पाणी त्याला मानवते. आता तुम्ही विचाराल, परभणीच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, मग नदीत हा जगतो कसा? नदीत खोल डोह असतो, काठाच्या झाडांची सावली असते. पाणी तापले की मासा तिकडे सरकतो. काचेच्या पेटीत त्याला सरकायला जागा नाही. तेथे डोह आणि सावली आपणच व्हायचे!

पाणी तापले की बिघडते काय? वीस अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशाला जेमतेम ७. उलट उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ती भूक नव्हे, घुसमट समजावी.

उपाय घरचेच आहेत. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. माठाला आपण ओले फडके गुंडाळतो, तसे पेटीच्या तीन बाजूंना गुंडाळावे. वर जाळी घालून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. बर्फ एकदम टाकू नये, अचानक गारठ्यानेही मासा दगावतो. हवेचा पंप असल्यास उत्तम. सहा माशांना दोन फूट लांबीची पेटी द्यावी. खाद्य चिमूटभरच, उरलेले कुजून पाणी विषारी होते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाईल.

गुरुजींनी शाळेच्या पेटीत तापमापक लावून मुलांकडून रोज सकाळी व दुपारी नोंद करवून घ्यावी. प्राणवायूचा धडा मग फळ्यावर न राहता डोळ्यांपुढे पोहू लागेल. एक पथ्य मात्र सर्वांनीच पाळावे: बाजारातून आणलेला मासा नकोसा झाला म्हणून नदीत सोडू नये. परके मासे आणि त्यांचे रोग आपल्या माशांच्या मुळावर येतात.