सेओई-नागे
ज्यूदो या जपानी क्रीडाप्रकारातील खांद्यावरून फेकण्याचा डाव. कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये तोक्यो येथे स्थापन केलेल्या कोदोकान संस्थेच्या वर्गीकरणात तो हाताच्या डावांत मोडतो. मराठी मल्लांच्या परिचयाच्या धोबीपछाड डावाशी त्याचे साम्य आहे. मात्र येथे पकड अंगरख्याची असते.

उजव्या बाजूने डाव टाकताना उजव्या हाताने प्रतिस्पर्ध्याच्या अंगरख्याचा छातीवरील काठ व डाव्या हाताने त्याची उजवी बाही धरतात. प्रथम त्याला पुढे व किंचित वर ओढून त्याचा भार चवड्यांवर आणतात. तोल ढळण्यापूर्वीच वळणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. मग डाव निव्वळ बळाचा होतो व स्वतःच्याच पाठीस इजा संभवते. तोल जाताच उजवे कोपर त्याच्या काखेखाली घालून पाठमोरे वळतात. पावले त्याच्या पावलांच्या आत रोवावीत व गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरपट्ट्याखाली न्यावी. नंतर गुडघे सरळ करीत पुढे झुकले असता तो खांद्यावरून समोर पडतो.

बाहीची पकड अखेरपर्यंत सोडू नये. तिच्यामुळे पडणाऱ्याचे अंग वळून तो पाठीवर येतो. ती सुटल्यास डोके वा मान आधी आदळण्याचा धोका असतो. पडणाऱ्याने हनुवटी छातीकडे ओढून मोकळ्या हाताने चटईवर थाप मारावयाची असते. पडण्याची ही रीत (उकेमी) अंगवळणी पडल्याखेरीज डावाचा सराव करू नये. गुडघ्यांवर बसून टाकावयाचा प्रकार तर नवशिक्यांनी टाळलेलाच बरा; त्यात पडणाऱ्यास अंग वळविण्यापुरती उंचीच मिळत नाही.