शेळीच्या मोडलेल्या पायाची शस्त्रक्रिया

शेळीचा पाय मोडल्यावर तो कामट्यांनी बरा होईल की शस्त्रक्रिया लागेल, हे मुख्यतः कोणते हाड कुठे मोडले यावर ठरते. हाड स्थिर राहण्यासाठी मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. खुरांवरच्या नळीबाबत हे प्लास्टरने साधते, परंतु मांडीच्या हाडाचा वरचा सांधा, म्हणजे खुबा, बाहेरून जखडताच येत नाही आणि स्नायूंच्या ओढीने तुटलेली टोके एकमेकांवर चढून पाय आखूड होतो. नडगीची अडचण वेगळी आहे: तिच्या आतल्या बाजूस कातडीखाली मांस जवळजवळ नसल्याने टोक बाहेर येते व जंतुसंसर्ग थेट हाडापर्यंत पोचतो.

मज्जेच्या पोकळीत पोलादी सळई ठोकणे हा सर्वांत स्वस्त उपाय. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ स्टाइनमन यांच्या नावावरून तिला स्टाइनमन पिन म्हणतात. ती हाडाला वाकू देत नाही, पण टोकांचे गोल फिरणे किंवा चुरा झालेल्या हाडाचे आखडणे तिला रोखता येत नाही, म्हणून तेथे प्लेट व स्क्रू वापरावे लागतात. जखम उघडी असल्यास कातडीतून हाडात आडव्या पिना घालून त्या पायाबाहेर दांड्यांना जोडतात, म्हणजे जखमेची मलमपट्टी चालू ठेवता येते.

खरी जोखीम मात्र हाडात नसून पोटात असते. भुलेखाली कुशीवर पडलेल्या शेळीला ढेकर देता येत नाही, त्यामुळे कोठीपोटात, म्हणजे रवंथाचा चारा साठणाऱ्या पहिल्या पोटात, वायू साचून श्वास कोंडतो, आणि वर आलेले पाणी श्वासनलिकेत गेले तर ते जिवावर बेतते. म्हणून मोठ्या शेळीला 12 ते 24 तास चारा बंद ठेवून श्वासनलिकेत नळी घालतात. झायलाझिन हे गुंगीचे औषध तर घोड्याच्या मात्रेच्या, किलोमागे मोजल्यास, दहाव्या हिश्श्यानेही तिला पुरते. मागच्या पायासाठी कमरेच्या कण्यात लिग्नोकेन टोचून तो बधिर करणे अनेकदा अधिक सुरक्षित ठरते.

एवढे निभावले की शेळीसारखा सोशिक रुग्ण नाही: उस्मानाबादी शेळीचे वजन जेमतेम तीसेक किलो, ती तीन पायांवर सहज वावरते, आणि हाड करडात साधारण 3 ते 4, तर मोठ्या शेळीत 6 ते 8 आठवड्यांत सांधते. पशुपालकाने दवाखान्यापर्यंतच्या वाटेसाठी कामट्यांखाली कापसाचा जाड थर द्यावा आणि दोरी आवळू नये, कारण रक्तपुरवठा तुटून पाय काळा पडला तर हाड जोडण्याची नव्हे, पाय कापण्याचीच शस्त्रक्रिया उरते.